व्हरांड्यातील गाढवाला घोड्यांच्या कुरणात सोडण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अश्व, गर्दभ व खेचर पैदास केंद्र

विषय : पैदाशीच्या गाढवाचा मुक्काम आपल्या दालनाबाहेरून घोड्यांच्या कुरणात हलवण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १. माझे याच विषयावरील पूर्वीचे अर्ज व त्या प्रत्येकावरील आपला शेरा, 'चर्चा करावी'.
२. मुख्यालयाचे पत्र : जे जनावर या हंगामात उपयोगी ठरणार नाही, ते लिलावात काढावे.

महोदय,

आपल्या टेबलावरची घंटा वाजली की व्हरांड्यातल्या गाढवाचा डावा कान आधी वळतो, मग उजवा, आणि मग ते उठून आपल्या दारापाशी उभे राहते. कुरणातून घोडी खिंकाळली तर दोन्ही कान जागच्या जागी राहतात. हे मी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घोड्यांच्या बाबतीत तपासले आहे. अपवाद आढळला नाही.

१. खेचर जन्माला यायचे तर बाप गाढव आणि आई घोडी लागते. आपल्याला हे ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मागच्या अर्जावर आस्थापना शाखेने विचारले होते की केंद्रात इतकी खेचरे असताना त्यांच्यापासूनच पैदास का करत नाही. मी कळवले की घोड्याची गुणसूत्रे चौसष्ट, गाढवाची बासष्ट. खेचराच्या वाट्याला त्रेसष्ट येतात. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचराला पिल्ले होत नाहीत. त्यावर शेरा आला : 'एक कमी पडत असल्यास भांडार शाखेकडे मागणीपत्र द्यावे.' मी ते दिले नाही. त्याबद्दल मला स्मरणपत्र आले आहे. भांडारपाल मात्र भले गृहस्थ. शिल्लक असते तर तसेच दिले असते, म्हणाले.

२. यात गाढवाचा काही दोष नाही. ते आले तेव्हा आईविना होते आणि पागेचे छप्पर दुरुस्तीला काढले होते, म्हणून त्याला तात्पुरते व्हरांड्यात ठेवले. दुधाची बाटली आपण स्वतः धरलीत. छप्पर केव्हाच पूर्ण झाले. पिल्लू ज्यांच्यात वाढते त्यांनाच आपली जात समजते. घोड्यांत वाढलेले गाढव घोडीला आपली मानते. हे कारकुनांत वाढले. या हंगामात त्याला प्रथमच एका घोडीसमोर नेले, तेव्हा खिडकीवर आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहून त्याने तोंड फिरवले. घोडीचा लगाम धरून उभे असलेले मोतद्दार काका म्हणाले, "बाई, तो म्हणतोय, जेवणाच्या सुट्टीनंतर या."

३. त्याच्या आरोग्याबाबत. गुळगुळीत फरशीवर खूर झिजत नाहीत, त्यामुळे ते वहाणेसारखे पुढे वाढले आहेत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे हेडक्लार्क मला येताजाता ऐकवतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. खूर कापायचे तर पाय धरावेच लागतात. बिस्किटांमुळे मानेवर चरबी साठली आहे. लेखा शाखेच्या म्हणण्यानुसार सापडत नसलेला प्रत्येक कागद गाढवानेच खाल्ला आहे. इतका कागद खाऊन कोणतेही गाढव जिवंत राहणार नाही, असे माझे तांत्रिक मत आहे. शिपाईदादाही नाराज आहेत. घंटेला त्यांच्याआधी गाढव हजर होते, तेव्हा शिपायाचे पद रद्द होणार का, हे त्यांना या अर्जातूनच विचारून हवे आहे.

४. परवा वीटभट्टीवाला लिलावाआधी माल पाहून जातो म्हणून आला. त्याने गाढवाचे दात पाहिले, मग ओझे किती पेलेल याचा अंदाज घेत पाठीवरून हात फिरवला. गाढवाला वाटले, लाड चालले आहेत. त्याने त्या माणसाच्या खांद्यावर मान टेकवली. मी त्या वेळी तिथे होते. म्हणून हा अर्ज.

५. उपाय साधा आहे. पागेत एक वयस्क, शांत घोडी आहे, जिला सगळे आत्याबाई म्हणतात. गाढवाला तिच्या शेजारी, आधी मध्ये कठडा ठेवून आणि मग मोकळे, राहू द्यावे. ते पैदाशीला तयार होईलच अशी खात्री मी देत नाही. खूर आणि वजन सुधारेल याची देते, आणि उपचार चालू असलेले जनावर लिलावात काढता येत नाही. एकच अट : सुरुवातीचे काही आठवडे त्याला घंटा ऐकू जाऊ नये आणि आपण तिकडे फिरकू नये. ही अट जड आहे, हे मला कळते. चर्चेसाठी मी आले तेव्हा दर वेळी आपण त्याला गाजर भरवत होतात आणि हवामानाविषयी बोललात. मी आग्रह धरला नाही. आता धरते.

लेखी आदेश जमत नसेल तर तोंडी चालेल. तो गाढवासमोर दिल्यास बरे. माझ्या सांगण्यावरून ते जागचे हलत नाही.

खुरांची कात्री घेऊन पागेच्या दारात थांबलेली,
आपली नम्र,
(सही)
पशुप्रजनन सहायक

सोबत : १. खुरांचे छायाचित्र, समोरून.
२. तेच, बाजूने.
३. मागणीपत्राचा कोरा नमुना, साभार परत.

ता. क. : हा अर्ज आपण व्हरांड्यात उभ्यानेच वाचलात. वाचून होईपर्यंत पहिल्या पानाचा कोपरा गाढवाने खाल्ला. लेखा शाखेचे म्हणणे तेवढ्यापुरते मान्य करून हा मजकूर उरलेल्या पानावर लिहीत आहे. आपण आत जाऊन घंटा उचललीत आणि आवाज होऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून खिशात ठेवलीत. मग बाहेर येऊन गाढवाच्या दोन्ही कानांच्या मध्ये हात ठेवून बराच वेळ उभे राहिलात. शेवटी शिपाईदादा, मोतद्दार काका आणि मी, तिघांनाही स्पष्ट ऐकू येईल असे आपण जे बोललात, ते आदेश म्हणून येथे नोंदवते :

"जा बाळा. आत्याबाईंकडे जा. मी हाक मारली तरी येऊ नकोस."