गावाचे दिवे

अण्णा, काल दिवेलागणीला आपल्या गावात रस्त्यावरचे दिवे पुन्हा लागले. नगरपालिकेने बिल थकवलं म्हणून वीज कंपनीने महिनाभर त्यांची वीज तोडली होती. गच्चीवरून परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे तांबडे दिवे लुकलुकताना दिसायचे, आणि खाली आपल्या गल्लीत मिट्ट काळोख. खरं सांगू, मला तो काळोख आवडायला लागला होता. इतक्या चांदण्या मी तुमच्या सायकलच्या नळीवर बसायचे तेव्हाच पाहिल्या होत्या. माझ्या मनात ती सायकल अजून चालतेच आहे. तुम्ही पालिकेचे दिवे लावणारे. हातातल्या वेळूच्या काठीने खांबावरचा खटका वर करता, दिवा लागतो, आणि ओट्यावरची म्हातारी हात जोडते. "मला काहून हात जोडता, मावशी?" तुम्ही रोज विचारता. "तुला न्हाई बाबा, दिव्याला. तू हो फुडं." मी हसते, आणि आपण पुढच्या खांबाकडे जातो.

आता त्याच पालिकेत मी लेखापाल आहे. तुमच्यानंतर चौकाचौकात उंच खांबांवरचे झगझगीत दिवे आले, कारण प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात एक हवाच होता. नारळ फुटले, हार पडले. बिल कोण भरणार, हे कुणी विचारलंच नाही. घरपट्टी वसूल करायला निघावं तर निवडणूक तोंडावर. मी टिपणी पाठवायची, वरून शेरा यायचा, 'पुढील बैठकीत ठेवावे'. लई चीड येते, अण्णा. गेल्या आठवड्यात नगराध्यक्षांनी बोलावलं. "ताई, थोडं बिल भरलं तरी लाईट जोडतेत. रिटायर लोकांच्या पेन्शनचे पैसे आलेत, ते वळवू."

"म्हाताऱ्यांनी काय खायचं?"

"आन् परवा अंधारात गटारीत पडून बाईचा पाय मोडला, तिला काय सांगू?"

त्यांनी पैसे वळवायचा कागद पुढे सरकवला. मी सही केली.

त्या पैशांत तुमच्यामागे आईला मिळणारी पेन्शनही होती. तिच्या गोळ्या त्यातूनच येतात. माझे पैसे ती घेत नाही; "त्येंचं हाय तवर तुझं कशाला," म्हणते. काल दिवे लागले तेव्हा ती दारात बसली होती. तिने हात जोडले, मग सहज विचारलं, "पेन्शन आली का गं?" मी म्हणाले, येईल. तिला वाचता येतं, म्हणून हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आणि टाकायला तुमचा पत्ता नाही. पण तिच्या पाठीमागे उभं राहून काल मीही हात जोडले, अण्णा. ते दिव्याला नव्हते.