साडू, सूड आणि बॅटरी

५ मार्च, रविवार
आजपासून साडूशी उघड वैर. (सध्या मनातल्या मनात.)
मोठ्या मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. निघताना गाडी सुरू होईना. नुसतं टक टक. साडू गाड्यांच्या शोरूममध्ये सर्व्हिस मॅनेजर. रविवारीसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट. बॉनेट उघडून त्याने बॅटरी गेल्याचं जाहीर केलं, स्वतःच्या गाडीला केबल जोडून आमची सुरू करून दिली आणि उद्या शोरूमला पाठवा म्हणाला. मी म्हटलं, बॅटरी मी स्वतः बसवीन. त्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, हे तुमचं काम नव्हे, तुम्ही चहा घ्या.
सगळे हसले. सासूबाई सर्वांत जास्त. उद्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन असताना माणसाने इतकं हसू नये.
गुरुवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं काम माझ्याकडे. ठरलं. मीच बसवलेल्या बॅटरीवर आणणार. वाटेत शोरूमसमोर गाडी हळू करणार. काच खाली. हॉर्न. साडूकडे बघणारसुद्धा नाही.

६ मार्च, सोमवार
सकाळी दोन व्हिडिओ पाहिले. दुसऱ्याची भाषा कळली नाही, विषय कळला. पोरखेळ आहे. यासाठी शोरूमवाले माणसाला सोफ्यावर बसवून कॉफी पाजतात!
संध्याकाळी बॅटरी आणली. दुकानदाराने विचारलं, प्लस डाव्या बाजूला हवा की उजव्या? मी म्हटलं, आपल्याला दोन्ही चालतं. मग म्हणाला गाडी घेऊन या, फुकटात बसवून देतो. साडूचा माणूस असावा. साफ नकार दिला.
बॅटरी उचलून घरी आणताना कमरेत उसण भरली.

७ मार्च, मंगळवार
पडून. ऑपरेशन नीट झालं. साडूने हिला फोन करून माझी कंबर विचारली. हिने सांगितली. घरभेदी.
आरशासमोर वाक्याची तालीम केली: "छे हो, त्यात काय एवढं!" कंबर धरून म्हटलं की तितकं झोंबत नाही.

८ मार्च, बुधवार, संध्याकाळ
कामाला लागलो. आधी मायनस काढायचा की प्लस, एवढंच विसरलो होतो. पॉझिटिव्ह माणूस असल्याने प्लसपासून सुरुवात केली. पाना कुठेतरी टेकला. ठिणगी. वॉचमनने खुर्ची मागे घेतली.
जुनी बॅटरी निघाली. नवी बसली. पण प्लसची वायर प्लसपर्यंत पोचेना. कंपन्यांची लबाडी! माणसाने घरी काही करू नये म्हणून वायरी मुद्दाम आखूड ठेवतात. साडूला हे सगळं माहीत असणार.
शेवटी जी वायर जिथे पोचली तिथे लावली. वीज काय, सगळीकडे सारखीच.
फट् असा आवाज. किंचित धूर. वॉचमन खुर्चीसकट गेटबाहेर.
आता टक टकसुद्धा नाही. डॅशबोर्ड शांत. हिला सांगितलं, नवी बॅटरी आहे, रात्रभर मुरावी लागते. ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

९ मार्च, गुरुवार
सकाळी गॅलरीतून पाहिलं. खाली साडू. आमचं बॉनेट उघडं, इस्त्रीच्या बाह्या वर. तत्त्व म्हणून खाली जायचं नाही असं ठरवलं. मग माझ्या गाडीला हात लावल्याबद्दल चार शब्द सुनावायला गेलो. त्याने टॉर्च पुढे केला. मी धरला.
फ्यूज जळला होता. तो त्याने बदलला. बॅटरीही दुसरी आणली होती, प्लस योग्य बाजूला असलेली. मी टोमण्याची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाला, तुम्ही आईंना घेऊन या, मी घरी थांबतो.
आणलं. जवळच्या रस्त्याने आणलं. हॉर्न वाजवला नाही.
घरी सगळे जमलेले. सासूबाईंनी पलंगावर टेकल्या टेकल्या विचारलं, गाडीचं काय झालं शेवटी? मी घसा खाकरला. ही खिडकीबाहेर बघायला लागली.
साडू म्हणाला, "आई, बॅटरी यांनी स्वतः बसवली. मी नुसता उभा होतो."
कोणी हसलं नाही. इतका खोल सूड माझ्यावर आजवर कोणी उगवला नव्हता.
सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, आमच्या धाकट्या मुलाचीही गाडी सकाळी सुरू होत नाही, एकदा बघाल का? मी हो म्हटलं.
साडू आत चहा घेत होता. मी दारापाशी गेलो. त्याचे बूट घाईत काढलेले, एक उलटा पडलेला. दोन्ही सरळ करून ठेवले. कोणी पाहिलं नाही.