कातळबंदरच्या न विरघळणाऱ्या मिठाबद्दल

प्रति,
मेहेरबान मीठ इन्स्पेक्टर साहेब,
मासळी खारवण्याचे सरकारी आवार,
मौजे कातळबंदर, पेटा उरण, जिल्हा कुलाबा

अर्जदार: तुळशीराम अनंता कोळी, राहणार कातळबंदर, धंदा मासळी खारवणे.

विषय: आवारातील मिठात मिसळलेली पांढरी भुकटी खाण्यास निर्धोक आहे किंवा कसे, याचा खुलासा होणेबाबत.

संदर्भ: माझे पूर्वीचे दोन अर्ज, आपल्या कचेरीचे दोन जबाब, आणि मूठभर मिठाबद्दल मजवर आलेली नोटीस, ता. ६ डिसेंबर १९२८.

महोदय,

१. आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना मिठागरे आहेत. तेथले मीठ सरकारी होडीने जाते आणि भुकटी मिसळून, पोत्यांत भरून, आमच्याच आवारात परत येते. पूर्वी दमट हवेने कोठीतले मीठ दगडासारखे होई व आपल्या शिपायास ते पहारीने फोडावे लागे. आता ते वाळूसारखे सुटे राहते. शिपायाचे हात वाचले, याचा आम्हांस आनंदच आहे. आवारात बाहेरचे मीठ आणण्यास मनाई असल्याने यंदाची सगळी सुरमई आम्ही याच मिठात खारवली.

२. कार्तिकी एकादशीस दुपारी देवळात शिवदासबुवांचे कीर्तन झाले. मी मासळीवाला, गळ्यात माळ घालता येत नाही, पण कीर्तन म्हणून चुकवीत नाही. जीव ब्रह्मात कसा मिळून जातो हे दाखवण्यासाठी बुवा दरसाल पाण्याच्या काचेच्या बरणीत मूठभर मीठ टाकून ढवळतात आणि विचारतात, "मीठ कुठं आहे?" बायका ओरडतात, "कुठंच न्हाय!" की लगेच विठ्ठलाचा गजर. यंदा मीठ मी दिले, आवारातलेच. पाणी दुधासारखे झाले आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा थर बसला. पुढच्या रांगेतून गोदूबाई, वय सत्तर, म्हणाल्या, "बुवा, तुमचा जीव तं तलालाच बसला!" बुवांनी आणखी तीन अभंग गाऊन वाट पाहिली. थर हलला नाही. शेवटी उत्तररंग तसाच टाकून आरती करावी लागली. माझ्या उभ्या आयुष्यात हे प्रथमच घडले.

३. दुसऱ्या दिवशी माझे कुटुंब नीराबाई हिने एक खारी सुरमई तीन पाण्यांनी धुतली, तरी पांढरेपणा गेला नाही. ती म्हणाली, "आवो, ह्यो माल पनवेलच्या बाजारात न्यायचा न्हाय. जे मी माज्या नातवाच्या ताटात घालनार न्हाय, ते घाटावरच्या पोरांना कशी घालू?" याचे उत्तर सरकारजवळ असेल असे वाटले, म्हणून अर्ज केला. माल अद्याप आवारात पडून आहे.

४. पहिला जबाब आला की, सदर मीठ मासळीसाठी आहे, माणसांनी खाण्यासाठी नाही, सबब माणसांच्या प्रकृतीचा प्रश्न उद्भवत नाही. अर्जदार नम्रपणे कळवतो की, आम्ही मासळी तिच्या हौसेखातर खारवीत नाही. पुढे तिला माणसेच खातात. दुसऱ्या जबाबात, भुकटीचे नाव काय या प्रश्नावर "भुकटी" असे उत्तर आहे. ती पूर्ण निर्धोक असल्याचेही लिहिले आहे, कारण पावसाळ्यात तीन पोती महिनाभर कोठीत ठेवून पाहिली असता पोत्यांस काही अपाय झाला नाही. पोती खुशाल असल्याचे वाचून बरे वाटले.

५. त्यानंतर नोटीस आली की, जकातमाफीचे मूठभर मीठ खारवण्याखेरीज अन्य कामी आवाराबाहेर का नेले. ते परत करावे, न केल्यास परवाना रद्द होईल. गुन्हा कबूल आहे. मीठ परत करण्यासही तयार आहे, परंतु त्यात मीठ जेवढे होते तेवढे विरघळले. जे विरघळले नाही ते गाळून, वाळवून, पुडी बांधून सोबत पाठवीत आहे. ते मुळात सरकारचेच आहे.

६. मी फार चिडलो होतो. बुवा म्हणाले, "तुळशीराम, साहेबावर रागावू नकोस रे. त्याला कुणी ताटात वाढून विचारलंच नसेल." मला पटले. म्हणून एक सुरमई मधोमध कापून डोक्याकडचा मानाचा अर्धा भाग आपणांस पाठवीत आहे. निर्धोक हा आपलाच शब्द आहे, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण एकट्याने खा म्हणणे माणुसकीला धरून होणार नाही. उरलेला अर्धा येत्या मंगळवारी, ता. १८ रोजी, दुपारी बारा वाजता मी खाईन. आपणही त्याच वेळी खावा. जे होईल ते दोघांचे होईल. आपण मासळी खात नसाल तर पुडीतली चिमूट पिठल्यात घालावी.

बुधवारी आपल्या खुशालीच्या दोन ओळी आल्या की नीराबाई माल सोडील. आणि घास तोंडाशी नेताना मन कचरले, तर साहेब, कृपा करून खाऊ नये. मात्र मग आम्हांस भुकटीवाचूनचे मीठ देण्याचा हुकूम व्हावा. ते दगड झाले तर फोडायला पहार घेऊन मी स्वतः येईन.

आपल्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
नम्र अर्जदार
तुळशीराम अनंता कोळी
कातळबंदर, शुक्रवार, ता. १४ डिसेंबर १९२८

सोबत:
१) न विरघळलेले सरकारी मीठ, पुडी एक.
२) खारी सुरमई, अर्धी.
३) बुवांनी साहेबांसाठी दिलेला प्रसाद, खडीसाखर. (पाण्यात टाकून पाहिली आहे. पूर्ण विरघळते.)