लाल कोटाचा दोरा

९ मार्च, दुपार

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे, कुरकुर मात्र तेवढीच. दुकानातल्या तुझ्या शिलाई मशीनवर कपडा झाकून ठेवलाय. धूळ बसते म्हणून हो, रागावू नकोस.

रागावू नकोस हे कुणाला सांगतेय मी! तू गेलीसच रागावून. तुझ्या नव्या नोकरीसाठी मी लाल कोट शिवला आणि काठाला तपकिरी दोरा घातला. तू म्हणालीस, "मुद्दाम केलंस, ताई. मी दुकान सोडतेय ते तुला बघवत नाही. आणि वर डोळे काय वटारतेस?" मला तो दोरा कोटाच्याच रंगाचा दिसत होता. वाटलं, हिला जायचंच आहे, म्हणून भांडण उकरून काढतेय.

तेव्हा मला एका सुईच्या दोन सुया दिसायच्या. डावा डोळा चुरचुरायचा, म्हणून तोच मिटून शिवायची. आपल्या डॉक्टरांनी थेंब दिले. म्हणाले, थायरॉइड गोळीने ताब्यात आहे, काळजी नको. शेवटी बाबांनी हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बोट हळूहळू खाली नेलं. माझी नजर खाली गेली, पापण्या वरच राहिल्या. मग बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरलं. डाव्याला लाल दिसलं. उजव्याला तपकिरी. तुझा कोट मी याच डोळ्याने शिवला होता. मी तिथेच रडायला लागले. बाईंना वाटलं, घाबरले.

स्कॅनमध्ये दिसलं, डोळे फिरवणारे स्नायू सुजून जाडजूड झालेत आणि मागची नस दाबतायत. रक्तातलं थायरॉइड नीट असलं तरी हे होतं म्हणे. पापण्या वर ओढल्या जातात, माणूस सारखा रागावलेला दिसतो. तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं, ते खरं. पण ठकू, मी डोळे वटारले नव्हते. कोट मी मन लावून शिवला होता.

वर 'सगळं ठीक' लिहिलं, ते तसं नाही. सलाईनमधून औषध झालं, सूज थोडी उतरली. पण नस फार दिवस दबून होती. उजव्या डोळ्याची नजर आता येणार नाही. डावाही सुजलाय, त्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. वाचेल असं बाई म्हणतात, पण 'नक्की' म्हणत नाहीत.

कोट टाकून दिला नसशील तर घालून ये. काठ मी उसवते, दोरा तू निवड. आणि माझ्या डाव्या बाजूला बस. सोमवारच्या आत ये.

तुला डोळे भरून बघायचं राहिलेली,
तुझी ताई