ओमकारने आखलेली युरोपची सहल

शेणवा

प्रिय रविना,

तुझा फोन तू कुणासाठी मोकळा ठेवतेस ते मला माहीत आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. तुझी लेक प्रियांका इथे बसली आहे, तिच्याच हाती मुरबाडला पाठवते. गेल्या भातकापणीत ओमकारचा शेवटचा फोन आला, तेव्हापासून तू आंघोळीलाही फोन बरोबर नेतेस, असं ती सांगत होती. सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आपल्या सहलीवरून किती भांडलो गं आपण. मला आधी पोलंडमधल्या छळछावण्या बघायच्या होत्या, मग फ्रान्सचा तो किनारा, जिथं विशीतली पोरं बंदुका घेऊन लाटांत उतरली, आणि शेवटी इटली. आयुष्यभर ज्यावर सभा गाजवल्या, ते एकदा स्वतःच्या पायांनी फिरून बघायचं होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "अंजू, मेलेल्यांना भेटाया एवढं लांब? जित्यांचं पण कायतरी बघू ना गो." तुला बर्फ हवा होता आणि व्हेनिसची होडी. होडीवरून मी तुला श्रीमंतांच्या चैनीवर अख्खं व्याख्यान दिलं. शेवटी तुझा पोरगाच मध्ये पडला. तिकडची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे त्यानं शोधून काढलं आणि निकाल दिला, "मावशी, सोमवार आईचे, बाकी वार तुझ्या मढ्यांचे." त्या हिशोबानं त्यानं तिन्ही देशांच्या गाड्या जुळवल्या. तिकडं नोकरीला लागलो की तिकिटं माझी, असंही म्हणाला.

एका जागेबद्दल मात्र आपलं कधी दुमत झालं नाही. इटलीत एका नदीकाठी, दहन झालेल्या हिंदी सैनिकांच्या नावांचं स्मारक आहे. तुझे चुलत आजोबा लखमा तिथं असतील, असं तुला वाटायचं. उंबरमाळीहून परक्या राजासाठी लढायला गेलेला माणूस. घरी आली ती फक्त तार. प्रेत नसलं तर आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्यावर माणसाच्या अंगातला कपडा घालतात, अग्नी देतात, मग सुतक फिटून घर मोकळं होतं. त्याच्या बायकोनं, जनाआजीनं, कपडा दिलाच नाही. नवं भात शिजलं की ती नवऱ्याचं पान वाढायची आणि लोक हसायचे. मी तिच्यावर भाषणं केली. राज्यं माणसं नेतात आणि बायकांकडे नुसती वाट ठेवून जातात, असं म्हणायचे. टाळ्या पडायच्या. आता त्या टाळ्यांची लाज वाटते.

गोदामात काम म्हणून त्या दलालानं ओमकारला नेलं आणि युरोपातल्याच चालू लढाईत उभं केलं. आपण जुन्या लढाया बघायला निघालो होतो, रविना. शेवटच्या फोनवर तो मला म्हणाला, "मावशी, दिवसभर खंदक खणतो. आपल्या खाचराची माती बरी, ही पायच सोडत नाय." त्याच्याबरोबरचा एक मुलगा जखमी होऊन परत आला. त्याच्या घरी जाऊन आले. ओमकारच्या खंदकावर स्फोट झालेला त्यानं पाहिला, पुढचं पाहिलं नाही. त्याच्या चौकशीसाठी दिल्लीलाही जाऊन आले. मोर्चा काढला, तर लोकांनी हळहळ केली आणि विचारलं, पोरगा गेलाच कशाला? त्या दिवसापासून मी माईक हातात घेतलेला नाही. इतकं वाचलं, इतकं बोलले, आणि एका पोराला एका खड्ड्यातून बाहेर काढता आलं नाही. शब्दांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

तरी लिहिते आहे, कारण परवा तुझे दीर महिपतभाऊ माझ्याकडे आले होते. रविवारी नदीवर ओमकारचा पुतळा करायचं घरच्यांनी ठरवलंय. त्याशिवाय प्रियांकाचं लग्न बोलता येत नाही, पाहुणे थांबलेत. ओमकारचा सदरा तू द्यायला हवास, आणि तू देत नाहीस. भाऊ म्हणाले, "तुमी बोललात तर आयकंल ती. तुमच्यापुढं कोण टिकलाय?" मी हो म्हणाले. तुला पटवायलाच हे पत्र सुरू केलं होतं. ओमकार नाही, असंच मला वाटतं. तुझ्याशी कधी खोटं बोलले नाही, आज कशी बोलू? पण सदरा मी मागणार नाही. प्रियांकालाही तसं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "मावशी, तू फक्त ये." रविवारी पहिल्या एसटीनं येते. सदरा दिलास तर नदीवर तुझा हात धरून उभी राहीन. नाही दिलास तर तुझ्या उंबऱ्यावर बसेन, आणि तुला समजवायला येणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलावं.

तुझीच,
अंजू