तुझा हॅशटॅग, आपला जिना

प्रिय बारके,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. फोनवर तू मला धड बोलू देणार नाहीस, आणि मेसेज पाठवला की तो पुसून टाकायची सोय असते. मला ती सोय नको आहे, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरमधले कागद घेऊन बसले आहे. जेवणाची सुट्टी आहे, डबा तसाच बंद आहे. तुझी नोकरी जायची वेळ आली आहे, हे काल कळलं. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण क्रमाने लिहिलं नाही तर मी मधूनच पळ काढेन.

तर आधी मनातली मळमळ. मला तुझा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत. गेल्या महिन्यात आईने सलग वीस मिनिटं तुझं कौतुक केलं, आणि शेवटी माझी चौकशी काय, तर खोकला थांबला का! तुझ्या संकुलातले सगळे फ्लॅट भाड्याने गेले, वर लोक यादीत नाव घालून थांबलेत, हे तिने मला असं सांगितलं, जणू मी भलत्याच धंद्यात आहे. अगं, फ्लॅट भाड्याने लावायचं काम मी बारा वर्षं करते आहे. तुला या कामात आणलं कुणी? हॅशटॅग कशाशी खातात, हे माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून तुला शिकवलं कुणी?

आठवतंय ना? एका फोटोखाली तीस-तीस हॅशटॅग कोंबू नकोस, चारपाच पुरे, हे मी सांगितलं. नुसतं ‘घर’ म्हणून कुणी शोधत नाही. बसस्टॉप जवळ आहे का, कुत्रा चालेल का, म्हाताऱ्यांना तळमजला मिळेल का, हे माणूस शोधतो, हेही मीच सांगितलं. आणि संकुलाचा स्वतःचा एक असावा, राहणाऱ्यांनी आपणहून वापरावा असा. एवढी शहाणी मी, आणि स्वतः काय केलं? मॅनेजरांच्या हट्टापायी #स्वप्नातलंघर घेतला. आमच्या गच्चीचा फोटो टाकला की वर फरशीवाला, खाली पडदेवाला आणि शेजारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बंगल्यासारखा केक. त्या गर्दीत आमचं संकुल दिसणार कुणाला, कपाळ!

आणि तू! तुझ्याकडची लिफ्ट तीन आठवडे बंद पडली. माझ्याकडची पडली असती तर मी तोंड लपवून बसले असते. तू सरळ जिन्याचा फोटो टाकलास. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक बाई पिशव्या खाली ठेवून दम खाताहेत, आणि चौथ्या मजल्यावरचा तो दाढीवाला त्यांच्या पिशव्या उचलतोय. खाली एकच हॅशटॅग, #जिन्यातभेटू. बस्स. मग लोकच टाकायला लागले, कुणी पायरीवरचं मांजर, कुणी बुद्धिबळाचा डाव, कुणी नुसत्या चपला. लिफ्ट सुरू झाली तरी थांबेनात. आमच्या मॅनेजरांनी मीटिंगमध्ये तुझं पान मोठ्या पडद्यावर लावलं आणि मला म्हणाले, की असं काहीतरी सुचायला हवं. तू माझी बहीण आहेस, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पण फ्लॅट नि कौतुक यांच्यापायी मी इतकी जळले नसते गं. शब्द आपले होते. शाळा सुटायची साडेचारला, किल्ली आईकडे, आणि आई यायची सहाला. आपले वर्ग वेगळे, म्हणून रोज सकाळी फाटकाशी एकमेकींना सांगायचो, जिन्यात भेटू. तू वरच्या पायरीवर बसायचीस, मी खालच्या. पेंगलीस तर माझ्या पाठीवर पडावीस म्हणून. पाढे तुला मी तिथेच शिकवले, आणि माझा अर्धा खाऊ तू तिथेच लाटलास. ते दोन शब्द साऱ्या जगात फक्त आपल्या दोघींचे होते. तू ते चौऱ्याण्णव फ्लॅटांना वाटून टाकलेस आणि मला साधं विचारलंही नाहीस. ते कुठून आले हे तुला आठवतं तरी का, हे तुला विचारायची माझी छाती झाली नाही. आठवत नाही म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?

त्याऐवजी मी एक उद्योग केला. ‘समोरची खिडकी’ नावाचं एक खातं उघडलं, खरं नावगाव न देता. त्यावरून आमच्या संकुलाचे फोटो तुझ्या हॅशटॅगखाली टाकायला लागले. आमची बाग, आमची व्यायामाची खोली, आमचा पोहण्याचा तलाव. पत्ता नाही, संकुलाचं नाव नाही. मला गिऱ्हाईक नकोच होतं. तुझा जिना माझ्या फोटोंनी बुजवायचा होता. हॅशटॅग काही कुणाच्या मालकीचा नसतो, कुणीही वापरावा, असं स्वतःला बजावत रोज दुपारी एक फोटो टाकायचे आणि मग डबा उघडायचे. शेवटी शेवटी तर आमच्या तळमजल्याच्या दाराशी असलेल्या उताराचा टाकला, ज्यावरून व्हीलचेअर जाते तो. तुला टोमणा म्हणून खाली लिहिलं, की इथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. काय खूश होते मी त्या ओळीवर!

तो फोटो तुझ्याच संकुलाचा समजून परगावाहून एक निवृत्त मास्तर आणि त्यांची पत्नी, यादीत नंबर लागताच, तुझ्याकडे फ्लॅट ठरवून सामानासकट आले. मास्तर व्हीलचेअरवर, आणि तुझ्या दाराशी सात पायऱ्या. खोटे फोटो तूच टाकलेस, असा तुझ्यावर ठपका आहे, आणि सोमवारी उत्तर दिलं नाहीस तर नोकरी गेली. काल आईने हे सांगितलं. तू खूप रडलीस म्हणाली. आणि म्हणाली, फोटो कुणी टाकले ते ताईला शोधायला सांग, हॅशटॅगमधलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही, असं तूच तिला म्हणालीस. बारके, शोधायला नको. ते मी टाकले. सगळे एक्केचाळीस आज सकाळी काढले; काढण्याआधी छापून घेतले, ते आणि माझ्या सहीचा कबुलीजबाब सोबत आहेत, तुझ्या मॅनेजरांपुढे ठेव. माझ्या मॅनेजरांनाही सांगून टाकलं. आता माझं टेबल राहील असं वाटत नाही. मास्तरांना आमच्याकडचा तळमजला मिळाला, त्याच उताराजवळचा. हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी तू मॅनेजरांच्या खोलीत जाशील तेव्हा मी तुझ्या जिन्यात असेन. आत बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तिथेच थांबेन, खालच्या पायरीवर. वरची तुझ्यासाठी मोकळी ठेवते.

तुझीच,
ताई