बेटावरचा डबा आणि टिटवीची चार अंडी

श्रीमान नानासो यांस, कुंडलच्या मळ्यातून सुकुमारचा जयजिनेंद्र आणि रामराम, दोन्ही. (एक माझ्या समाधानासाठी, एक तुझ्या.) मेंढरं बरी आहेत ना? हरणाबाई वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी प्रकृती मी विचारत नाही, कारण ती उत्तम असल्याचं मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात फोन केला तेव्हा तुझी सून माया म्हणाली, "मामंजी मेंढरामागं गेल्यात," आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू आला. चांगला दणदणीत होता. म्हणून हे पत्र. आमचा मुलगा सम्मेद कामासाठी कोरेगावकडे निघालाय, तो ते तुझ्या पालावर आणून देईल. तुला वाचता येत नाही, तेव्हा माया वाचून दाखवेल. (पोरी, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस. मघाचं वाचलंस ते वाचलंस. आता कंस आला की गप्प राहून म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघायचं.)

विषय तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तू भाच्याच्या लग्नाला एक दिवस गेलास आणि त्याच दिवशी नदीतल्या बेटावरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. रागाच्या भरात मी चार माणसांत बोललो, "राखण्या माणसापेक्षा लोखंडी पेटी बरी, ती लग्नाला जात न्हाई." वीस वर्षं दिवाळीनंतर तू माझ्या बेटावर मेंढरं बसवतोस, रान खतवतोस, वर मोटार आणि पाइप सांभाळतोस, आणि मी हे बोललो. तू पाल मोडून चालता झालास. घोंगडं बाभळीखालीच राहिलं. आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बोललेलं मागं घेण्यापेक्षा मी वीस फुटी कंटेनर विकत घेतो.

तो सम्मेदनं मोबाइलवर शोधला. जहाजावरून जग फिरून दमलेला, निळा, एका अंगाला पोचा आलेला. उंब्रजपर्यंत हायवेनं मंत्र्यासारखा आला. पुढच्या रस्त्याला मात्र जिथं तिथं अडकू लागला आणि जिथं अडकेल तिथं माणसं जमून विचारू लागली, "आत काय हाय वं?" "काही नाही," असं मी खरं सांगायचो, आणि ते कुणालाच पटायचं नाही. "मग एवढी कुलपं कशाला?" शेवटी मळ्यात आल्यावर आम्ही तो भरला. स्टार्टर, पाइप, फवारणीचे पंप, सगळं. पण तुझ्या चंदनबाला वहिनीनं तुझं घोंगडं झटकून, घडी घालून आत दाराशीच ठेवलं आणि बजावलं, "नानाभाऊंचं हाय. यावर कायबी टाकायचं न्हाई." मी पंप पलीकडं सरकवले. (माया, चेहरा कसा आहे?)

उन्हाळ्यात बेटाच्या अलीकडची धार आटते, तेवढ्यात क्रेन पलीकडं नेली. पुराचं पाणी लागू नये म्हणून मुरमाचा उंच ओटा आधीच करून ठेवला होता. डबा हवेत झुलतोय, मी नारळ घेऊन उभा आहे, एवढ्यात चंदनबाला किंचाळली. ओट्याच्या मधोमध टिटवीची चार अंडी! आणि ती मूठभर टिटवी पंख पसरून क्रेनच्या अंगावर धावून येतेय. क्रेनवाला विश्वजित म्हणाला, "काकी, अंडी हातभर बाजूला सरकवतो की." "आदी ह्यो डबा माज्या डोक्यावर ठेव, मग सरकव," असं ती म्हणाली. विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. (मी लगेच मान हलवून नको म्हटलं. 'लगेच' हा शब्द आमच्या घरी कुणी विचारलं तर नीट सांग.)

बाकी सगळं नांगरलेलं रान, चाकं रुतणारं. कठीण जमीन एकाच जागी, तुझ्या बाभळीखाली. विश्वजितला दुसरीकडं घाई होती, त्यानं डबा तिथं टेकवला आणि गेला. मग आमच्या ध्यानात आलं की दारं बाभळीच्या बाजूला आलीत आणि आडव्या फांदीला अडून चार बोटंच उघडतात. त्या फटीतून तुझ्या घोंगड्याचा कोपरा तेवढा दिसतो. चोर सोड, मालकालाही आतलं काही काढता येत नाही.

पुढं प्रश्न असा की टिटवीची अंडी किती दिवसांनी फुटतात? गावात कुणी बारा सांगितले, कुणी चाळीस. हे तुझ्याशिवाय कोण सांगणार, म्हणून तर फोन केला होता. (खोकला!) तोवर मुंगूस आणि कुत्री फिरू लागली, मग मी छत्री घेऊन ओट्याजवळ बसू लागलो. राखण्या नको म्हणून पेटी आणली आणि पेटीपायी स्वतःच राखण्या झालो. टिटवीला माझे उपकार मान्य नव्हते, ती दिवसभर मला शिव्या घालत असे. नाना, एकट्यानं बेटावर बसणं फार जड जातं रे. मी निदान दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जात होतो. तू मात्र तिथंच असायचास, आणि एकटं कसं निभतं हे तुला कधी विचारलं नाही, ही माझी चूक.

परवा चारही पिल्लं निघाली आणि मागं न बघता तुरुतुरु चालू पडली. मला एका माणसाची आठवण झाली.

तर काम असं. फांदी तोडायची आहे, पण चंदनबाला बाभळीला कुणाला हात लावू देत नाही. "झाड नानाभाऊंचं," म्हणते. पाऊस लागायच्या आधी तू आटपाडीकडं परतशीलच. वाट थोडी वाकडी कर, कोयता घेऊन ये. पाला मेंढरांना होईल, दार मोकळं होईल.

तुझा,
सुकुमार

ता. क. : हे माफीचं पत्र आहे असं समजू नकोस. फांदीचं काम आहे.

ता. क. दुसरा : वीस वर्षांत चोरी झाली ती एकाच दिवशी, तू नव्हतास त्या दिवशी. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

ता. क. तिसरा (माया, हे मोठ्यानं वाच) : फांदीचं वर लिहिलं ते खोटं आहे. ती चंदनबालानंच काल तोडून घेतली. पाला आणि शेंगा तुझ्या मेंढरांसाठी बाजूला ठेवल्यात, त्यांची राखण मी करतोय. दार आता सताड उघडतं. तरी ये.